ईटीपी तुमच्याकडे आलाय? आधी पाण्यामागे चालत जा

कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा प्लांट, सांभाळायला कुणी हौसेने अर्ज करून येत नाही. बीएस्सी केमिस्ट्री करून क्वालिटीत लागलेली मुलगी असते, नाहीतर मेंटेनन्समधला डिप्लोमावाला. एक दिवस प्लांट हेड बोलावतात आणि म्हणतात, "आजपासून ईटीपीचं तू बघ, फार काही नसतं तिथं." मग कँटीनच्या मागे, भंगाराच्या यार्डाला लागून, कंपाउंडच्या भिंतीला टेकलेल्या चार-पाच टाक्या दिसतात. तिथल्या ऑपरेटरला आपण येणार हे कुणी सांगितलेलंच नसतं.

अशा नव्या माणसासाठी हे लिहितोय. डोळ्यांसमोर चाकण, भोसरी, वाळूज किंवा सातपूर भागातला मध्यम कारखाना धरलाय. गाड्यांचे सुटे भाग, फॉस्फेटिंगची (रंगाआधी धातूवर फॉस्फेटचा थर चढवायची) आणि रंगाची लाइन, एक कूलिंग टॉवर, एक छोटा बॉयलर, दोन-अडीचशे माणसं. डेअरी, कापड किंवा औषधांच्या कारखान्यात पाण्याचा स्वभाव वेगळा असतो, पण कामाचा क्रम बहुतेक हाच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ईटीपी बिघडला की सगळे ईटीपीकडे बघतात आणि तिथेच चूक होते. टाकीत काय येणार हे शॉपवर ठरतं. म्हणून पहिला आठवडा टाक्यांपाशी कमी आणि शॉपवर जास्त घालवा.

पायरी १ : कन्सेंट मागून घ्या आणि बसून वाचा

पर्यावरणाची फाइल एचआरकडे असते, कधी अकाउंट्सच्या कपाटात, कधी सल्लागाराच्या ऑफिसात. ती मिळवा. त्यात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र असतं, म्हणजे आपण ज्याला कन्सेंट म्हणतो ते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता आणि मंडळ १९७० पासून आहे. आज मात्र सगळा कारभार केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्यावर चालतो. त्याच्या कलम २५ प्रमाणे संमतीशिवाय सांडपाणी बाहेर सोडता येत नाही.

वाचताना पेन्सिल हातात ठेवा. उत्पादन किती मंजूर आहे? औद्योगिक सांडपाणी रोज किती घनमीटर, घरगुती किती? प्रक्रिया केलेलं पाणी जायचं कुठे : सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला, बागेला की परत वापरात? मर्यादा कोणत्या? बँक गॅरंटी कोणत्या अटीसाठी दिली आहे? आणि मुदत कधी संपते? या सहा प्रश्नांची उत्तरं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ईटीपीच्या केबिनमध्ये चिकटवा. ऑपरेटरने हे आकडे कधी पाहिलेलेच नसतात, असा माझा अनुभव आहे.

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी देशभराची सर्वसाधारण मर्यादा अशी : पीएच ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, तरंगणारे घन पदार्थ १००, तेल-ग्रीस १०. धातूंचे आकडे वेगळे; एकूण क्रोमियम २, त्यातलं षटसंयुजी ०.१, निकेल ३, जस्त ५. तुमच्या कन्सेंटमध्ये याहून कडक आकडा असेल तर तुमच्यासाठी तोच खरा. सामूहिक केंद्राला पाणी देत असाल तर त्यांच्या प्रवेशमर्यादा वेगळ्या असतात, त्याही मागून घ्या.

सीओडी आणि बीओडी यात नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागेल तो सीओडी. तीच घाण जिवाणूंनी खायला किती लागेल तो बीओडी. बीओडीची चाचणी २७ अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे त्याचा निकाल येईपर्यंत पाणी कधीच गेलेलं असतं. रोजच्या कामाला सीओडी धरा, तो काही तासांत हाती येतो.

पायरी २ : पाण्याचा ताळेबंद मांडा

आता मीटर शोधा. एमआयडीसीच्या लाइनचा एक, बोअर असेल तर त्याचा एक, आणि टँकर येत असतील तर गेटवरचं रजिस्टर. सलग सात दिवस सकाळी आठला सगळ्यांची रीडिंग घ्या, रविवारीसुद्धा. रविवार महत्त्वाचा. कारखाना बंद, तरी मीटर फिरतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. बहुतेक वेळा ते वरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोतून जातं, कारण बॉल व्हॉल्व्ह दोन वर्षांपूर्वी गेलेला असतो आणि पाइप थेट गच्चीवरच्या पन्हाळीत उतरतो. कुणाला दिसतच नाही.

मग पाइप धरून चाला. लाइनवर, टॉवरला, बॉयलरला, कँटीनला. प्रत्येक ठिकाणी मीटर नसणारच. वीस लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. समजा रिन्स, म्हणजे जॉब धुण्याच्या टाकीच्या नळाखाली बादली ४० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला ३० लिटर, तासाला १८०० लिटर, आठ तासांच्या शिफ्टला १४.४ घनमीटर. हा आकडा लाइनच्या सुपरवायझरला सांगा. तो म्हणेल, "शक्यच नाही." त्याच्यासमोर बादली पुन्हा भरा.

आठवड्याअखेर साधारण असं चित्र निघतं. समजा, आत येणारं पाणी रोज १०० घनमीटर. कूलिंग टॉवर ३०, फॉस्फेटिंग लाइन २८, संडास-बाथरूम-कँटीन १६, बाग ८, बॉयलर ६, फरशी धुणं ४. बेरीज ९२. उरलेले ८ कुठे गेले? ते शोधणं हे तुमचं पहिलं खरं काम. साहेबांसमोर पहिल्यांदा उभं राहाल तेव्हा मानकांचा तक्ता नेऊ नका, हा हरवलेल्या आठ घनमीटरचा कागद न्या.

हे सगळं पाणी वाचवण्याच्या पोस्टरसाठी करायचं नाहीये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, त्याच दिवसांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यनिर्मिती कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग ६० टक्क्यांनी कापायला लावलं. इतर उद्योगांनाही कपात लागू झाली. असा आदेश आल्यावर कोणता नळ आधी बंद करायचा हे ठरवायला फार तर एक दिवस मिळतो. ताळेबंद तयार नसेल तर माणसं कँटीनचं पाणी तोडतात आणि टॉवर तसाच वाहत राहतो.

पायरी ३ : वापर जिथे होतो तिथेच कमी करा

इथे थोडा वेळ थांबू, कारण पैसा आणि पाणी दोन्ही इथेच आहे.

फॉस्फेटिंग लाइनवर प्रत्येक रसायनाच्या टाकीनंतर धुण्याची टाकी असते. जॉब बाहेर येताना अंगावर रसायन घेऊन येतो, ते पुढच्या टाकीत धुतलं जातं. अंगावर येणारं रसायन जितकं जास्त, तितकं पाणी जास्त. म्हणून पहिला उपाय अगदी फुकटचा : हँगर टाकीवर थोडा वेळ थांबवा आणि निथळू द्या. आणि जॉब असा टांगा की त्याच्या खोबणीत पाणी साचणार नाही. वाटीसारखा भाग सरळ टांगला तर प्रत्येक फेरीला तो वाटीभर रसायन पुढे नेतो. प्रॉडक्शनवाले दहा सेकंदांसाठी भांडतील. त्यांना महिन्याचा रसायनांचा खर्च दाखवा, कारण निथळलेलं रसायन त्यांच्याच टाकीत परत पडतं.

दुसरा उपाय उलट्या प्रवाहाचा. एका धुण्याच्या टाकीऐवजी दोन-तीन टाक्या ओळीने ठेवायच्या. स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत सोडायचं आणि तिथून ते उलटं मागच्या टाकीत येऊ द्यायचं. जॉब पुढे जातो, पाणी मागे येतं. गणित बघा. समजा जॉबबरोबर तासाला एक लिटर रसायन येतं आणि ते हजारपट विरळ व्हायला हवं. एकाच टाकीत हे करायला तासाला १००० लिटर पाणी लागेल. उलट्या प्रवाहाच्या दोन टाक्यांना साधारण ३२ लिटर, तीन टाक्यांना १० लिटर. शॉपवर पाणी इतकं छान मिसळत नाही, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट-तिप्पट धरा. तरी हजाराशी तुलना करून बघा! आणि धुण्याच्या टाकीचा नळ किती उघडायचा हे कामगाराच्या अंदाजावर सोडू नका, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरवर ठरवा. आकडा वाढला तरच पाणी सोडायचं.

कूलिंग टॉवरला आणखी एक बारकी गोष्ट असते. टॉवरमधून पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. ते फार वाढू नयेत म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाउन म्हणतात. फिरत्या पाण्याचा टीडीएस ताज्या पाण्याच्या किती पट झाला, त्याला म्हणतात सीओसी. ब्लोडाउन काढायचं सूत्र : वाफ भागिले (सीओसी वजा एक). रोज २० घनमीटर वाफ होत असेल आणि सीओसी ३ असेल, तर १० सोडावे लागतात आणि ३० नवे भरावे लागतात. सीओसी ५ वर नेला तर सोडायचे ५, भरायचे २५. रोजचे पाच घनमीटर वाचले, एक पैशाचं यंत्र न घेता. किती वर नेता येईल हे पाण्याच्या जडपणावर आणि सिलिकावर अवलंबून असतं. रसायन पुरवणाऱ्याला विचारा, पण त्याला रसायन विकायचंय हेही लक्षात असू द्या.

बॉयलरची वाफ थंड होऊन जे गरम पाणी होतं ते परत टाकीत आणा. फरशी धुणाऱ्या होजला पिस्तूल नोझल लावा. या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात आणि निम्म्या कारखान्यांत नसतात.

आता एक इशारा. पाणी निम्मं केलं की घाण निम्मी होत नाही. ५० घनमीटर पाण्यात सीओडी २००० असेल तर रोजची घाण १०० किलो. पाणी २५ वर आणलं की सीओडी ४००० दिसेल, घाण तीच १०० किलो. लॅबचा रिपोर्ट बघून साहेब ओरडतील की ईटीपी बिघडला. म्हणून पहिल्या दिवसापासून मिलिग्रॅमबरोबर किलोतही लिहा. घाणच कमी करायची तर तेल, रंग, रसायन पाण्यात पडूच द्यायचं नाही : सांडलेलं तेल आधी पुसून घ्यायचं, मग फरशी धुवायची.

पायरी ४ : पाणी मिसळू देऊ नका

जुन्या कारखान्यांत सगळी गटारं एकाच चेंबरला येतात. ते तोडून वेगळं करणं खर्चिक वाटतं, पण एकदा मिसळलेलं वेगळं करणं त्याहून महाग.

क्रोमियम हे त्याचं चांगलं उदाहरण. पिवळं षटसंयुजी क्रोमियम चुन्याने खाली बसत नाही. आधी आम्ल घालून पीएच दोन-तीनवर आणायचा, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. पाणी पिवळ्याचं हिरवं झालं की ते त्रिसंयुजी झालं. मग पीएच साडेआठ-नऊवर नेला की हिरवट गाळ बसतो. ही क्रिया दहा घनमीटरवर करणं सोपं. तेच पाणी कँटीनच्या पाण्यात मिसळून साठ घनमीटर झालं की आम्लाचे कॅन रिकामे होतात आणि क्रोमियम तरीही निसटतं.

प्लेटिंगमध्ये सायनाइड असेल तर त्याची गटारवाहिनी आम्लाच्या वाहिनीपासून पूर्ण वेगळी हवी. सायनाइडवरची प्रक्रिया पीएच दहाच्या वर ठेवून क्लोरीनने करतात. सायनाइडच्या पाण्यात आम्ल गेलं तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागीच मरतो. हे ऑपरेटरला पहिल्या दिवशी सांगा, तोंडी सांगा, आणि पुन्हा सांगा.

खराब झालेल्या बाथ, म्हणजे टाक्या रिकाम्या करताना निघणारं घट्ट रसायन, कधीही थेट चेंबरला सोडू देऊ नका. मी एका कारखान्यात असताना शनिवारी रात्री डिग्रीझिंगची (जॉबवरचं तेल काढायची) पूर्ण टाकी कुणीतरी गटारात सोडली. सोमवारी सकाळी एरेशन टाकीवर (हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची टाकी) कमरेइतका पांढरा फेस आणि खाली सगळे जिवाणू मेलेले. कुणी कबूल केलं नाही, आणि सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर आम्ही एक साधा नियम केला. बाथ बदलायची तर दोन दिवस आधी ईटीपीच्या वहीत लिहायचं, ती वेगळ्या टाकीत घ्यायची, आणि रोज थोडीथोडी मोजून सोडायची. नियम लिहायला पाच मिनिटं लागली, पाळायला लावायला सहा महिने.

पावसाच्या पाण्याचं गटार हे तर कायम कोरडंच असायला हवं. उन्हाळ्यात त्यात ओल दिसली तर माग काढा. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे झालेले कुत्रे आणि फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीतला गुलाबी रस्ता सगळ्या राज्याने टीव्हीवर बघितला. रंग दिसतो म्हणून बातमी झाली. आम्ल आणि निकेल दिसत नाहीत.

पायरी ५ : ईटीपी टाकी-टाकीने ओळखा

पहिली जाळी आणि तेलाचा सापळा. सापळ्यावरचं तेल रोज काढायचं. आठवड्याने काढू म्हटलं तर ते पुढे एरेशनमध्ये जातं.

मग समीकरणाची टाकी, तिला सगळे इक्वलायझेशन म्हणतात. माझ्या मते पूर्ण ईटीपीतली सर्वांत महत्त्वाची टाकी हीच, आणि सर्वांत दुर्लक्षित पण. शॉपवरून पाणी झटक्याझटक्याने येतं, कधी आम्ल, कधी अल्कली. ते इथे एकत्र होऊन पुढे सारखं जावं यासाठी ती असते. ऑपरेटरची सवय असते टाकी काठोकाठ भरली की पंप चालू करायचा. तसं केलं तर ती नुसती चेंबर होते. ती नेहमी अर्धी रिकामी ठेवायची, तळाची हवा सतत चालू ठेवायची, आणि पुढचा पंप चोवीस तास हळूहळू चालवायचा.

त्यानंतर चुना, तुरटी किंवा फेरस सल्फेट, आणि शेवटी पॉली, म्हणजे गाळाचे कण एकत्र बांधणारं पॉलिमर. किती टाकायचं हे आधीच्या ऑपरेटरच्या तोंडून शिकू नका, जार टेस्ट करा. एकेक लिटरचे सहा ग्लास घ्या. तुरटीचं १० टक्के द्रावण करा. त्याचा एक मिलिलिटर एका लिटर पाण्यात टाकला की १०० मिलिग्रॅम झाला. ग्लासांत १, २, ३ असं वाढवत टाका, पीएच सारखा ठेवा, जोरात ढवळा, मग हळू, मग पंधरा-वीस मिनिटं स्थिर. ३ मिलिलिटरचा ग्लास सर्वांत नितळ निघाला तर डोस ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० घनमीटरला रोज १५ किलो. यापेक्षा जास्त तुरटी टाकून पाणी जास्त स्वच्छ होत नाही. नुसता गाळ वाढतो आणि त्या गाळाचे पैसे पुढे भरावे लागतात.

एरेशनची टाकी म्हणजे गोठा आहे, असं मी नव्या मुलांना सांगतो. जनावरांना रविवार नसतो. जिवाणूंना रोज खाणं हवं, हवा हवी, आणि एकदम जास्त खाणंही चालत नाही. सुट्टीला कारखाना बंद ठेवणार असाल तर समीकरणाच्या टाकीत पाणी राखून ठेवा आणि थोडंथोडं सोडत राहा. विरघळलेला ऑक्सिजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास. बीओडीच्या प्रत्येक १०० भागांमागे जिवाणूंना नायट्रोजन ५ आणि फॉस्फरस १ लागतो, म्हणून युरिया आणि डीएपी टाकतात. फॉस्फेटिंगच्या पाण्यात फॉस्फरस आधीच असतो, पण चुन्याने तो मागच्या टाकीत खाली बसलेला असू शकतो. तेव्हा डीएपी टाकण्याआधी एकदा मोजा. नवीन कल्चर बसवायला शेण आणि गूळ टाकायची पद्धत अजूनही चालते. चालू ईटीपीतून टँकरभर चांगला गाळ आणणं त्यापेक्षा कितीतरी जलद.

रोजची चाचणी एकच करायची तर ही करा. एरेशनमधलं पाणी एक लिटरच्या मापात घ्या आणि अर्धा तास हलवू नका. गाळ किती मिलिलिटरवर बसला? समजा ३०० वर बसला आणि एमएलएसएस, म्हणजे त्या एका लिटरमधला कोरडा गाळ मिलिग्रॅममध्ये, ३००० आहे. ३०० गुणिले १००० भागिले ३०००, म्हणजे निर्देशांक १००. छान. तोच आकडा १५० च्या वर जाऊ लागला की गाळ फुगतोय, लवकरच तो क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) वाहू लागेल. वास आणि रंगही शिका. चांगल्या एरेशनला पहिल्या पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो आणि रंग तपकिरी असतो. काळपट रंग आणि सडका वास म्हणजे हवा पोचत नाही. आधी ब्लोअर बघा, मग तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युझर.

त्यापुढचे वाळूचे आणि कार्बनचे फिल्टर ही फक्त शेवटची पुसणी. आधी बिघडलेलं पाणी कार्बनवर सुधारायला गेलात तर कार्बन आठवड्यात संपतो.

पायरी ६ : गाळ

रासायनिक प्रक्रियेचा गाळ घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत येतो. तो आवारात ९० दिवसांपर्यंत ठेवता येतो, छपराखाली, पक्क्या फरशीवर, लेबल लावून. मग मॅनिफेस्ट (कचऱ्याबरोबर जाणारा नोंदीचा फॉर्म) भरून अधिकृत केंद्राला पाठवायचा. आपल्याकडे तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. वजनावर पैसे लागतात, म्हणून फिल्टर प्रेसमधून तो नीट कोरडा काढा, नाहीतर गाडीभाडं देऊन पाणी पाठवाल. "खत म्हणून देतो" किंवा "खड्डा भरायला नेतो" असं कुणी म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पायरी ७ : टाकीत कुणालाही उतरू देऊ नका

गाळाच्या टाकीत, बंद चेंबरमध्ये, रिकाम्या केलेल्या समीकरणाच्या टाकीतसुद्धा हायड्रोजन सल्फाइड साचलेला असू शकतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्या राज्यात अशा बातम्या दरवर्षी येतात. वायुमापक, जबरदस्तीची हवा, कमरेला दोर, वर ट्रायपॉड आणि लेखी परमिट यातली एक जरी गोष्ट नसेल तरी काम थांबवायचं. वरून कुणाचाही फोन आला तरी. कंत्राटदाराची माणसं आली की नियम सैल होतात. तिथे तर तुम्ही स्वतः उभे राहा.

पायरी ८ : वही आणि तपासणीचा दिवस

वही रोजची रोज भरा. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हाताने, पीएच रोज ७.२ : असली वही मंडळाचे क्षेत्र अधिकारी उघडतात आणि बंद करतात. ईटीपीला वेगळा वीजमीटर असतो. ब्लोअर चोवीस तास चालला असं वहीत लिहिलं आणि युनिट निम्मेच जळले, तर ते जुळवायला त्यांना दोन मिनिटं लागतात. ८.९ आला तर ८.९ लिहा आणि शेजारी काय केलं ते लिहा. खाडाखोड असलेली खरी वही तुम्हाला वाचवते.

मंडळाचे लोक येऊन आउटलेटचा नमुना नेतात, त्याला सगळे जेव्हीएस म्हणतात. नमुना घेताना हजर राहा, वेळ आणि त्या वेळचा पीएच आपल्या वहीत लिहा, त्याच पाण्याची एक बाटली आपल्या लॅबलाही पाठवा. निकाल वाईट आला तर लगेच लेखी कळवा की कारण काय आणि कधीपर्यंत दुरुस्त करू. गप्प बसलात तर प्रकरण जल कायद्याच्या कलम ३३ अ पर्यंत जाऊ शकतं. त्यात वीज आणि पाणी तोडायचा आदेश देता येतो.

दोन मोहांपासून दूर राहा. एक, आउटलेटला ताजं पाणी मिसळून आकडा खाली आणणं. हे पकडायला आता लॅबही लागत नाही, तुमचा आत येणाऱ्या पाण्याचा मीटरच बोलतो. दुसरा, बायपासचा पाइप. जुन्या ईटीपीत तो असतोच, कधीकाळी कुणी "इमर्जन्सीसाठी" टाकलेला. कापून टाका, नुसता व्हॉल्व्ह बंद करून ठेवू नका. व्हॉल्व्ह रात्री उघडतात.

तारखा दोन लक्षात ठेवा : घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत, पर्यावरण विवरण म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. त्यात पाण्याचे आणि कचऱ्याचे आकडे मागतात; पायरी दोनचा ताळेबंद तिथे कामी येतो.

पुनर्वापराबद्दल थोडं

प्रक्रिया केलेलं पाणी संडासाच्या फ्लशला, फरशीला आणि बागेला आधी वापरा. कूलिंग टॉवरला द्यायचं तर टीडीएस बघा, नाहीतर वाचवलेलं पाणी ब्लोडाउनमधून जाईल. आरओ लावला की त्याचं नाकारलेलं पाणी उरतं. ते उकळून मीठ काढायचं यंत्र म्हणजे शून्य विसर्ग. वीज आणि वाफ भरपूर खातं, आणि शेवटी मिठाची पोती उरतात, तीही कुठेतरी पाठवावी लागतात. काही उद्योगांना ते बंधनकारक असतं. तुम्हाला नसेल तर पायरी तीन पुरी केल्याशिवाय कोटेशन मागवू नका. वापर निम्मा झाला की यंत्रही निम्म्या मापाचं लागतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक फेरी वेगळी काढा. ईटीपीच्या टाक्यांच्या कडा जमिनीपासून पुरेशा वर आहेत का, पत्र्यावरचं पाणी कुठे पडतं, गाळाच्या शेडचं छप्पर गळतं का, पावसाच्या गटारात कुठलं पाणी येतं. गेल्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात काय झालं होतं ते रात्रपाळीच्या सिक्युरिटीला विचारा. त्या वेळी गेटवर तोच जागा असतो.